पोट साफ होण्याचं औषध इतर गोळ्यांसोबत घेताय? आधी हे वाचा

थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या, बीपीची नाश्त्यानंतर, शुगरची जेवणाआधी, कॅल्शियमची दुपारी. आणि चार दिवस पोट साफ झालं नाही म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं एक औषध रात्री.

या यादीतल्या शेवटच्या औषधाला आपण फारसं गांभीर्यानं घेत नाही. डॉक्टरांनी 'सध्या कोणती औषधं सुरू आहेत?' असं विचारलं, तर बीपी आणि शुगरच्या गोळ्यांची नावं सांगितली जातात. पोट साफ होण्याचं औषध मात्र सांगायचं राहून जातं. 'ते काय, अधूनमधून घेतो' एवढ्यावर विषय संपतो.

पण बद्धकोष्ठतेचं औषध हेही औषधच आहे. ते दुसऱ्या गोळीचा परिणाम कमी करू शकतं, वाढवू शकतं आणि काही वेळा थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं. हे कसं होतं आणि त्यासाठी काय काळजी घ्यायची, ते समजून घेऊ.

एक घर, तीन माणसं, एकच तक्रार

नाशिक रोडपासून जवळ, गोदावरीच्या काठावर एकलहरे आहे. महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र ही या गावाची ओळख. २१० मेगावॅटचे तीन संच, त्यांच्या आसऱ्यानं वाढलेली वसाहत आणि भोवती शेती.

समजा, इथलं एक काल्पनिक घर आहे. आजोबा वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांना बीपी आणि हृदयाचा त्रास, पायांना सूज येते म्हणून लघवीवाटे पाणी काढणारी गोळी सुरू आहे. मुलगा कंत्राटी कामगार. दिवसभर उष्णतेत काम आणि कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल. सून सहा महिन्यांची गरोदर. तिला लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत.

तिघांचीही तक्रार एकच, पोट साफ होत नाही. घरात औषधाची बाटलीही एकच. आजोबांना लिहून दिलेली, पण आता सगळ्यांची झालेली.

खरी अडचण इथून सुरू होते. कारण तिघांची तक्रार एक असली, तरी तिघांचं उत्तर वेगळं आहे.

आधी गोळ्यांचा डबा तपासा

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचाला होणं, खडा होणं, जोर लावावा लागणं किंवा पोट पूर्ण साफ झालं नाही असं वाटत राहणं याला साधारणपणे बद्धकोष्ठता म्हणतात. कमी पाणी, कमी भाजी-फळं, बैठं काम ही नेहमीची कारणं. पण अनेकदा कारण गोळ्यांच्या डब्यातच असतं.

बद्धकोष्ठता करू शकणारी काही नेहमीची औषधं अशी:

- ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन यांसारखी तीव्र वेदनाशामकं. कोडीन काही खोकल्याच्या औषधांतही असतं.
- लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या.
- व्हेरापामिलसारखी बीपी आणि हृदयाची काही औषधं.
- अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यावरची काही औषधं.
- झोप आणणारी जुनी अ‍ॅलर्जीची औषधं.
- उलटी थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन.
- अ‍ॅल्युमिनियम असलेली अ‍ॅसिडिटीची औषधं.
- क्लोझापिनसारखी मानसिक आजारांवरची औषधं. क्लोझापिनमुळे होणारी बद्धकोष्ठता जीवघेणी ठरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे यूएसएफडीएनं, २०२० मध्ये पुन्हा ठळकपणे दिला होता.

म्हणजे एका गोळीचा दुष्परिणाम झाला, त्याला नवा आजार समजून दुसरी गोळी सुरू झाली आणि दुसरीच्या त्रासासाठी तिसरी, असं चक्र सुरू होऊ शकतं. म्हणूनच डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: 'मला सुरू असलेल्या एखाद्या गोळीमुळे हे होतंय का? ती बदलता येईल का?' गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

कोणतं औषध काय करतं?

बद्धकोष्ठतेची सगळी औषधं एकाच पद्धतीनं काम करत नाहीत.

मळ फुगवणारी: इसबगोल. पाणी शोषून मळ मऊ आणि मोठा करतं. परिणाम दिसायला १२ तास ते ३ दिवस लागू शकतात.

आतड्यात पाणी खेचणारी: लॅक्टुलोज, पॉलिइथिलिन ग्लायकॉल, मिल्क ऑफ मॅग्नेशिया. यातल्या लॅक्टुलोज आणि पॉलिइथिलिन ग्लायकॉलला नेहमीच्या डोसमध्ये एक ते तीन दिवस लागू शकतात.

आतड्याची हालचाल वाढवणारी: बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट आणि सोनामुखी म्हणजेच सेना. गोळी घेतल्यावर साधारण ६ ते १२ तासांत परिणाम होतो.

वंगण देणारी: लिक्विड पॅराफिन.

जुनाट बद्धकोष्ठतेसाठीची नवी औषधं: प्रुकॅलोप्राइड, ल्युबिप्रोस्टोन, लिनाक्लोटाइड. ही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची. प्रुकॅलोप्राइड शरीरातून मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे किडनीचं काम खूप कमी झालं असेल तर डोस कमी करावा लागतो आणि डायलिसिसवरच्या रुग्णांना ते देत नाहीत. ल्युबिप्रोस्टोन जेवणासोबत घ्यायचं असतं, तर लिनाक्लोटाइड रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या किमान अर्धा तास आधी.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, लॅक्टुलोज रात्री घेतलं आणि सकाळी काही झालं नाही, म्हणून लगेच दुसरं औषध घेऊ नका. अनेकदा दोन्हींचा परिणाम एकदम होतो आणि मग जुलाब थांबत नाहीत. दुसरी, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. बाजारातल्या काही सिरपमध्ये मिल्क ऑफ मॅग्नेशिया, लिक्विड पॅराफिन आणि सोडियम पिकोसल्फेट अशी तीन औषधं एकत्र असतात. तुम्ही एक चमचा घेता, पण पोटात तीन औषधं जातात.

एक औषध दुसऱ्याच्या आड कसं येतं?

हे प्रामुख्यानं तीन प्रकारे होतं.

१. दुसरी गोळी शोषलीच जात नाही

मिल्क ऑफ मॅग्नेशियातलं मॅग्नेशियम काही औषधांना पोटातच बांधून ठेवतं. थायरॉइडची गोळी, लोह, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स ही त्यातली नेहमीची. गोळी वेळेवर घेतली जाते, पण रक्तात पुरेशी पोहोचत नाही. मग थायरॉइडचा रिपोर्ट बिघडतो आणि डोस वाढवला जातो. खरं कारण पोटाचं औषध असतं.

यावरचा उपाय सोपा आहे: अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत किमान ४ तास हवेत. सिप्रोफ्लॉक्सासिन मॅग्नेशियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घेतात. इसबगोल आणि इतर औषधं यांतही साधारण २ तासांचं अंतर ठेवावं.

लिक्विड पॅराफिनची गोष्ट थोडी वेगळी. ते दीर्घकाळ घेतलं तर ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं कमी शोषली जातात. के जीवनसत्त्वाचा संबंध रक्त गोठण्याशी आहे. त्यामुळे वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू असेल, तर पॅराफिन असलेलं सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि ते झोपलेल्या अवस्थेत कधीच देऊ नका. तेलाचे थेंब फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हा धोका जास्त.

२. गोळी चुकीच्या ठिकाणी विरघळते

रात्री झोपताना दूध पिणं ही आपल्याकडची सवय. पोट साफ होण्याची गोळीही त्याच दुधासोबत घेतली जाते. ही गोळी बिसाकोडिलची असेल तर ते चुकीचं आहे.

बिसाकोडिलच्या गोळीवर एक खास थर असतो. तो जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावा, अशी त्याची रचना असते. दूध किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधामुळे जठरातली आम्लता कमी होते आणि हा थर आधीच विरघळतो. परिणामी पोटात मुरडा येतो, जळजळ होते. त्यामुळे या गोळीच्या आधी-नंतर किमान एक तास दूध आणि अ‍ॅसिडिटीचं औषध टाळा. गोळी पाण्यासोबत अख्खी गिळा. फोडून, चावून किंवा कुटून घेऊ नका.

३. शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होतात

सगळ्यात गंभीर प्रकार हाच आहे. जुलाब झाले की पाण्यासोबत पोटॅशियमही बाहेर जातं. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन या गोळ्यांमुळेही पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या अनेक गोळ्यांमध्ये ही औषधं जोडून दिलेली असतात. स्ट्रिपवर एखाद्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' दिसलं तर मेडिकलमध्ये विचारून खात्री करा.

दोन्हीकडून पोटॅशियम कमी झालं की थकवा येतो, पायात गोळे येतात, ठोके अनियमित होतात. हृदयासाठी डिगॉक्सिन सुरू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिनचा नेहमीचा डोसही विषारी ठरू शकतो. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांमध्ये पाणी कमी झालं की लिथियमची रक्तातली पातळी वाढू शकते.

आपल्या काल्पनिक घरातल्या आजोबांसाठी हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यात घामानं पाणी आधीच कमी झालेलं असतं. त्यात पाण्याची गोळी आणि जोरदार रेचक एकत्र आलं, तर चक्कर येऊन पडणं हे पहिलं लक्षण असू शकतं.

किडनीचा आजार असेल तर

मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकण्याचं काम किडनी करते. किडनी कमजोर असेल तर मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या वारंवार वापरानं रक्तातलं मॅग्नेशियम वाढतं. त्यामुळे गुंगी येणं, बीपी आणि ठोके मंदावणं असे त्रास होऊ शकतात.

सोडियम फॉस्फेट हे दुसरं औषध. ते एनिमाच्या रूपात मिळतं. २०१४ च्या जानेवारीत यूएसएफडीएनं याबद्दल स्पष्ट इशारा दिला: २४ तासांत एकापेक्षा जास्त डोस घेतल्यास किडनी आणि हृदयाला गंभीर, प्रसंगी जीवघेणी इजा होऊ शकते. ५५ पेक्षा जास्त वय, अंगातलं पाणी कमी झालेलं असणं, किडनीचा आजार आणि सोबत सुरू असलेल्या काही गोळ्या यांमुळे धोका वाढतो. त्या गोळ्या म्हणजे पाण्याची गोळी, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली बीपीची औषधं आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं. ही यादी पाहिली तर आपल्याकडच्या अनेक ज्येष्ठांच्या डब्यात यातलं काही ना काही सापडेल.

दोन औषधं, जी भारतात बंद झाली

औषधांची एकमेकांवर होणारी क्रिया किती टोकाला जाऊ शकते, याचं उदाहरण म्हणजे सिसाप्राइड.

पोट आणि आतड्यांची हालचाल वाढवणारं हे औषध अमेरिकेत १९९३ मध्ये रात्रीच्या छातीतल्या जळजळीसाठी आलं. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं विघटन करायचं. पण एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स किंवा केटोकोनॅझोलसारखं बुरशीवरचं औषध सोबत घेतलं की ते एन्झाइम अडवलं जायचं. सिसाप्राइड रक्तात साचायचं आणि हृदयाचे ठोके बिघडायचे. १९९९ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत ठोके बिघडल्याच्या ३४१ नोंदी झाल्या. त्यातल्या ८० जणांचा मृत्यू झाला होता. २००० मध्ये तिथे औषधाची सर्वसाधारण विक्री थांबली. भारतात १० फेब्रुवारी २०११ च्या अधिसूचनेनं त्यावर बंदी आली.

दुसरं औषध टेगासेरॉड. ते बद्धकोष्ठतेसाठीच वापरलं जायचं. त्याचा प्रश्न हृदयविकार आणि पक्षाघाताच्या वाढलेल्या धोक्याचा होता. अमेरिकेत २००७ मध्ये त्याची विक्री थांबली, भारतात मार्च २०११ मध्ये बंदी आली. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेनं ते ६५ पेक्षा कमी वयाच्या महिलांच्या मोजक्या गटासाठी पुन्हा मंजूर केलं.

याचा अर्थ आजची औषधं तशीच धोकादायक आहेत, असा नाही. पण 'पोटाचंच तर औषध आहे' या समजुतीला उत्तर म्हणून ही दोन नावं पुरेशी आहेत.

चूर्ण घेतलं तर चालेल ना?

व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त फिरणारा सल्ला हाच. 'नैसर्गिक आहे, दुष्परिणाम नाहीत.'

पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांमध्ये सोनामुखी असते. ती बिसाकोडिलसारखीच आतड्याची हालचाल वाढवते. म्हणजे डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि वरून चूर्ण घेतलं, तर एकाच प्रकारच्या औषधाचा डोस दुप्पट होतो. काही चूर्णांत ज्येष्ठमधही असतं. तेही जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ घेतलं तर पोटॅशियम कमी करतं आणि बीपी वाढवू शकतं. पाण्याची गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

एरंडेल गरोदरपणात टाळायचं, कारण त्यामुळे गर्भाशयाचं आकुंचन सुरू होऊ शकतं.

इसबगोल तुलनेनं सुरक्षित आहे, पण पेलाभर पाण्याशिवाय नाही. पाणी कमी पडलं तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनमुळे झालेल्या बद्धकोष्ठतेत इसबगोल सहसा देत नाहीत. आतड्याची हालचालच मंदावलेली असते, त्यामुळे फुगलेला मळ पुढे सरकत नाही. आपल्या घरातल्या मुलाला म्हणूनच वेगळं औषध लागेल.

गरोदर महिलांनी काय करावं?

लोहाच्या गोळ्यांमुळे त्रास होतो म्हणून अनेक जणी त्या गुपचूप बंद करतात. तसं करू नका. डॉक्टर लोहाचा प्रकार किंवा वेळ बदलून देऊ शकतात आणि गरज वाटल्यास इसबगोल किंवा लॅक्टुलोजसारखं औषध सुचवू शकतात. घरातल्या सुनेनं सासऱ्यांच्या बाटलीतलं सिरप घेतलं, तर त्यातलं मॅग्नेशियम तिच्या लोहाच्या आणि थायरॉइडच्या दोन्ही गोळ्यांच्या आड येईल.

लहान मुलांना मोठ्यांचं औषध 'अर्धं करून' देऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलांना लिनाक्लोटाइड आणि सोडियम फॉस्फेटचा एनिमा देत नाहीत.

जुलाब सुरू झाले तर?

- बद्धकोष्ठतेचं औषध लगेच थांबवा. ओआरएस घ्या. हृदय किंवा किडनीच्या रुग्णांनी ते किती घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारावं.
- मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, पाण्याची गोळी, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन गटातली गोळी सुरू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अंगातलं पाणी कमी असताना यातल्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. तो निर्णय डॉक्टरांचा.
- दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका.
- गर्भनिरोधक गोळी घेत असाल, तर तीव्र जुलाबात तिचा परिणाम कमी होऊ शकतो. काही दिवस निरोधसारखं दुसरं साधन वापरा.

रेचक न घेता थेट दवाखाना कधी?

पोटात तीव्र दुखणं, उलट्या, पोट फुगून गॅसही बाहेर न पडणं, ताप अशी लक्षणं असतील तर रेचक घेऊ नका. आतड्यात अडथळा किंवा अपेंडिक्सची सूज असेल तर रेचकामुळे प्रकृती आणखी बिघडू शकते. शौचातून रक्त येणं, विनाकारण वजन घटणं, हिमोग्लोबिन कमी होणं किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, यातलं काही असेल तर औषध बदलत बसण्यापेक्षा तपासणी करून घ्या.

एकलहरे परिसरातल्या लोकांसाठी नाशिक रोडचं महापालिकेचं बिटको रुग्णालय आणि नाशिकचं जिल्हा रुग्णालय हे सरकारी पर्याय आहेत. बेशुद्धी, छातीत धडधड किंवा श्वास लागत असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आजच करता येईल असं काम

घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची वेगळी यादी करा. त्यात चार गोष्टी लिहा: औषधाचं नाव, त्यातले घटक, डोस आणि घ्यायची वेळ. चूर्ण, सिरप, अ‍ॅसिडिटीची पावडर, वेदनाशामक, सगळं त्यात यायला हवं. लिहिणं जमत नसेल तर स्ट्रिप आणि बाटल्यांचे फोटो काढून मोबाइलमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा.

नवीन औषध घेताना ही यादी डॉक्टरांना आणि मेडिकलमधल्या फार्मासिस्टला दाखवा आणि हे प्रश्न विचारा:

- हे माझ्या इतर गोळ्यांसोबत चालेल का? किती तासांचं अंतर ठेवू?
- परिणाम दिसायला किती वेळ लागेल?
- किती दिवस घ्यायचं आणि कधी थांबवायचं?
- माझ्या किडनीच्या रिपोर्टनुसार हे योग्य आहे का?

औषधाचा त्रास झालाच, तर त्याची नोंद सामान्य माणूसही करू शकतो. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालणाऱ्या औषध दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे. सिसाप्राइडचा धोका लक्षात आला, तो अशाच नोंदींमुळे.

आणि घरातली ती एकच बाटली? ती ज्याच्या नावानं लिहून दिली आहे, त्याच्याकडेच राहू द्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. कोणतंही औषध सुरू करण्यापूर्वी, बदलण्यापूर्वी किंवा बंद करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)